चुंबळ

आत्तीच्या घरात शिरलं की डाव्या हाताला, दाराच्या आड, एक खुंटी होती. तिला कायम एक चुंबळ अडकवलेली असायची. घरातल्या बाकीच्या वस्तू जागा बदलत. कंदील, सूप, पाटी आज आत तर उद्या बाहेर. चुंबळ मात्र तिथेच. पहाटे चारच्या अंधारात, दिवा न लावता, नुसता हात घातला की सापडली पाहिजे, म्हणून.

गाव माण तालुक्यातलं. पावसाने पिढ्यान्‌पिढ्या पाठ फिरवलेला मुलूख. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सांगलीहून एसटीने दहिवडीला उतरायचो आणि पुढे माळावरून चालत जायचो. मे महिन्यात गावच्या विहिरीचा तळ दिसायला लागायचा, मग बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जात. जाऊन-येऊन तासभर. आत्तीच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेला घागर. एक हात घागरीच्या गळ्यात. दुसरा हात मोकळा, आणि त्या मोकळ्या हाताचं एक बोट माझ्या मुठीत.

मी दहा वर्षांची होते तेव्हा, 1979 साली, हट्टाने एक कळशी डोक्यावर घेतली. चुंबळ न घेता, नुसती. वीस-पंचवीस पावलांत कळलं की पाण्याचं वजन खरं जड नसतं, कळशीच्या बुडाचा काठ जड असतो. तो टाळूत रुततो. मान आखडली, पाणी हिंदकळून डोळ्यांत गेलं, आणि घरी पोचेपर्यंत कळशी अर्धी झाली होती. रात्रभर डोकं ठणकत होतं. आत्ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझा एक विटलेला, निळ्या फुलांचा परकर काढला, त्याची हातभर रुंद पट्टी फाडली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर. आता पीळ."

आम्ही दोघींनी मिळून पीळ भरला. मग तिने तो पिळा स्वतःच्या चार बोटांभोवती गोल घेतला, एकावर एक असे तीन वेढे, आणि उरलेलं टोक आतून वर काढून खोचलं. माझ्या डोक्यावर ठेवून पाहिलं. सैल वाटली तशी उसवून पुन्हा केली. मी विचारलं, नव्या कापडाची का नाही करायची? ती म्हणाली, "नवं कापड घसरतं, बाय. धुऊन धुऊन मऊ झाल्यालंच लागतं."

हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं याचं कारण असं, की पुढे मी मानसशास्त्र शिकले, मग तेच तीस वर्षं शिकवलं, आणि माणूस मोठा होतो म्हणजे नेमकं त्याचं काय होतं, या प्रश्नाशी येऊन थांबले की प्रत्येक वेळी ती दुपार समोर यायची.

एम. ए.ला असताना विकासाच्या मानसशास्त्राची जी पुस्तकं आम्ही वाचत होतो, त्यांत मूल फार तपशिलाने वाढायचं. मान कितव्या महिन्यात धरतं, पहिला शब्द कधी, दुसऱ्याच्या मनातलं त्याला कधी कळू लागतं. मग पौगंडावस्था, तीही भरभरून. विशी ओलांडली की पानं झपाट्याने कमी होत. जणू माणूस एकदाचा तयार झाला, आता फक्त झिजायचा उरला. आमच्या वर्गात त्या वेळी एक चाळिशीच्या बाई शिकायला यायच्या. नवरा गेल्यावर पुन्हा कॉलेजात आलेल्या. त्या एकदा हलकेच म्हणाल्या, "म्हणजे माझं यात काहीच नाही?" तो प्रश्न मी विसरले नाही. मोठ्या माणसाच्या वाढीबद्दल कोणी काय म्हटलं आहे, ते मी तेव्हापासून शोधत राहिले.

पहिल्यांदा भेटला गॉर्डन ऑलपोर्ट. त्याची एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. 1920 साल. बावीस वर्षांचा हा अमेरिकन तरुण इस्तंबूलमध्ये वर्षभर शिकवून घरी परतत होता. वाटेत व्हिएन्नाला थांबला आणि फ्रॉइडला चिठ्ठी पाठवून भेट मागितली. भेट मिळाली. फ्रॉइड समोर बसला आणि गप्प राहिला. ती शांतता ऑलपोर्टला सहन होईना, म्हणून त्याने ट्रॅममध्ये नुकतंच पाहिलेलं सांगायला सुरुवात केली. चारेक वर्षांचा एक मुलगा होता, त्याला घाणीची विलक्षण भीती, इथे बसायचं नाही, तिथे नको, आणि शेजारी त्याची कडक इस्त्रीची, करारी आई. सांगून झालं. फ्रॉइडने त्याच्याकडे मायेने पाहिलं आणि विचारलं, तो लहान मुलगा म्हणजे तुम्हीच ना?

ऑलपोर्ट अवाक झाला. पण त्या प्रश्नातून त्याचा जन्मभराचा विचार निघाला. मोठ्या माणसाच्या प्रत्येक वागण्याखाली एक लहान मूलच दडलेलं असतं, असं धरून चालायचं का? खोल खणण्याआधी वरवर जे दिसतं आहे, माणूस आज काय करतो, कशासाठी करतो, ते आधी विचारावं की नाही? 1937 मध्ये त्याचं व्यक्तिमत्त्वावरचं मोठं पुस्तक आलं, आणि त्यात त्याने म्हटलं की प्रौढ माणसाच्या प्रेरणा आपल्या उगमापासून सुटून स्वतंत्र होतात. दर्यावर्दी माणूस पोटासाठी समुद्रावर जातो, पुढे श्रीमंत होऊन किनाऱ्यावर स्थिरावतो, तरी समुद्राची ओढ उरतेच. आता ती पोटाची राहिलेली नसते.

आत्तीच्या गावात नळ आला तेव्हा ती साठीच्या पुढे होती. नळ आला तरी पहाटे चारला उठून ती विहिरीकडे जात राहिली. येताना एक कळशी, तीही शेजारच्या म्हातारीसाठी. मी विचारलं, आता कशाला? तिला उत्तर देता आलं नाही. ऑलपोर्टला देता आलं असतं.

त्याने परिपक्व माणसाच्या काही खुणाही सांगितल्या आहेत. स्वतःपलीकडे पसरलेला 'मी', जवळिकीची क्षमता, स्वतःचा स्वीकार, वास्तवाला धरून पाहणं, अंगावर घेतलेलं काम, स्वतःकडे लांबून बघता येणं आणि त्यातून आलेला विनोद, आणि या सगळ्याला एका सूत्रात ओवणारी जीवनदृष्टी. परीक्षेत मुलं ही यादी धडाधड लिहीत. मला मात्र त्यातली पहिलीच खूण पुरेशी वाटत आली आहे. 'मी' किती दूरवर पसरला आहे? 1972 च्या दुष्काळात आत्ती खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं. शेजारी खडी फोडणाऱ्या बाईचं तान्हं पोर तिने पदराखाली घेतलं आणि कामाचं ते वर्ष ते पोर दोघींच्या मांडीवर वाढलं. अब्राहम मॅस्लोने 1943 मध्ये गरजांची जी चढण मांडली, तिच्यात भूक-तहान तळाशी असते आणि स्वतःतलं सर्वोत्तम फुलणं अगदी वर. तळ भरल्याशिवाय वर जाता येत नाही, असंच आपण ते शिकतो. हा क्रम पोलादी नाही, असं स्वतः मॅस्लोनेच लिहून ठेवलं होतं, ते वाक्य मात्र तक्त्यांवर कधी येत नाही. त्या वर्षी आत्तीचा तळ पूर्ण रिकामा होता.

पण माझा खरा सांगाती एरिक एरिकसन. माणूस आयुष्यभर वाढतो, शेवटच्या श्वासापर्यंत वाढतो, हे त्याने आणि त्याची पत्नी जोन हिने मिळून मांडलं. 1950 च्या त्याच्या पुस्तकात आयुष्याचे आठ टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला एक ओढाताण. मधल्या वयाची, म्हणजे माझ्या-तुमच्या वयाची, ओढाताण ज्या दोन शब्दांत तो सांगतो त्यांतला पहिला जनरेटिव्हिटी. आमच्या नोट्समध्ये त्याचं भाषांतर 'उत्पादकता' असं होतं. कारखान्याचा शब्द. मला तो कधीच पटला नाही. त्याला अभिप्रेत होतं ते पुढच्या पिढीला उभं करणं, तिच्यासाठी काही घडवणं, राखणं. त्याच्या विरुद्ध टोकाला साचलेपण. मराठीत साचण्याच्या विरुद्ध काय, तर वाहणं. मी वर्गात 'वाहतेपण' म्हणू लागले.

आणि मग हा 'वाहणे' शब्द मला सोडेना. पाणी वाहतं. बाई पाणी वाहते. देवाला फूल वाहतात. मराठीने हे तिन्ही अर्थ एकाच क्रियापदात ठेवले आहेत. 'प्रौढ' शब्दाची संस्कृतातली फोड प्र अधिक ऊढ, आणि ऊढ हे 'वह्' धातूचंच रूप: वाहून नेलेला. पोक्त हा फारसीतून आलेला, शिजलेला, पिकलेला अशा अर्थाचा. एका शब्दात आच आहे, दुसऱ्यात ओझं. दोन्ही मला खरे वाटतात.

मधल्या वयाच्या ओढाताणीतून माणूस नीट पार पडला तर त्याच्या हाती जो गुण लागतो, त्याला एरिकसन 'केअर' म्हणतो. या शब्दाला हिंदू परंपरेत काय म्हणतात, असं त्याने एकदा विचारलं होतं. असा एक शब्द नाही, पण प्रौढ माणूस दम, दान आणि दया यांनी आपलं कर्तव्य पार पाडतो, असं त्याला सांगण्यात आलं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, त्याला कोणी मराठी माणूस भेटायला हवा होता. आमच्याकडे एक शब्द आहे. काळजी. तिच्यात चिंताही आहे आणि मायाही. आणि ती करतात तशी वाहतातही. काळजी वाहणे.

एरिकसन भारतात आला तो 1962 च्या अखेरीस, अहमदाबादला, मानवी जीवनचक्रावरच्या एका चर्चासत्रासाठी. अंबालाल साराभाईंच्या कुटुंबाचा तो पाहुणा होता. तिथे त्याला कळलं की 1918 मध्ये गांधीजींनी गिरणी कामगारांचा जो संप चालवला, त्यातले समोरचे मालक म्हणजे आपले यजमानच, आणि कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. गांधीजी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. एरिकसन नुकताच साठीचा झाला होता. मधल्या वयातला माणूस स्वतःपलीकडे कसा जातो, हे त्याला त्या एका संपात दिसलं, आणि 1969 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. त्या पुस्तकाच्या मध्यावर तो लिहिता लिहिता थांबतो आणि थेट गांधीजींशीच बोलू लागतो. कस्तुरबांशी, आश्रमातल्या मुलांशी तुम्ही कठोर वागलात, तुमच्या अहिंसेत ही हिंसा कशी राहिली, असं त्यांना तळमळून विचारतो.

या जागी मला नेहमी एरिकसनच्या घरातली गोष्ट आठवते. त्याच्या मृत्यूनंतर ती बाहेर आली. 1944 मध्ये त्याला चौथं मूल झालं. डाउन सिंड्रोम असलेलं. ते बाळ घरी आलंच नाही, संस्थेत ठेवलं गेलं, आणि त्याच्या भावंडांपैकी धाकट्यांना सांगितलं गेलं की बाळ गेलं. ते बाळ विशीपर्यंत जगलं. 1965 मध्ये गेलं. 'काळजी' या गुणाची अशी मांडणी करणाऱ्या माणसाच्या घरातलं हे. एरिकसन स्वतः आपल्या जन्मदात्या वडिलांचं नाव न कळता वाढला होता. पुढे अमेरिकेचा नागरिक होताना त्याने स्वतःच स्वतःला आडनाव दिलं: एरिकचा मुलगा, एरिकसन.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला. कितीतरी दिवस मी त्याचं पुस्तक उघडलं नाही. आज तो राग नाही. त्या काळात डॉक्टर आईबापांना हाच सल्ला देत, हे मला माहीत आहे, पण राग गेला तो त्यामुळे नाही. काळजीबद्दल इतक्या खोलात लिहिणाऱ्याच्या टाळूत एक काठ जन्मभर रुतत होता, आणि त्याला तो कोणाला दाखवता आला नाही, एवढं आता मला दिसतं.

माझ्या टाळूत तो रुतला सेहेचाळिसाव्या वर्षी. आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. घर माझं, भाऊ-वहिनी त्याच शहरात. मी एक वही घातली. तारीख, आणि रात्री कोण जागलं त्याची रेघ. माझ्या रकान्यात रेघा दाट होत गेल्या, भावाच्या विरळ. दर रविवारी मी त्या मोजायचे. मी स्वतः वर्गात 'प्रक्षेपण' शिकवत होते, आपल्या मनातलं नकोसं दुसऱ्याच्या माथी मारणं, आणि घरी येऊन रेघा मोजत होते. आईसाठी आपण पुरे पडत नाही ही माझी भीती, आणि ती मी भावाच्या रकान्यात लिहीत होते.

जॉर्ज व्हेलंटचं पुस्तक मी त्याच वर्षी पुन्हा वाचलं. हार्वर्डमध्ये 1938 पासून 268 तरुणांचा अभ्यास सुरू झाला होता. तपासण्या, मुलाखती, दर काही वर्षांनी पत्रं, आयुष्यभर. व्हेलंटने ती आयुष्यं उलगडून पाहिली आणि 1977 मध्ये लिहिलं. माणसावर किती संकटं आली यापेक्षा, संकट आल्यावर त्याचं मन ते कसं पेलतं, याकडे त्याचं लक्ष होतं. कच्चे मार्ग: दुसऱ्यावर ढकलणं, दिवास्वप्नात पळणं, आदळआपट, मुकाट्याने सूड. पक्के मार्ग: विनोद, दुसऱ्यासाठी काही करणं, दुःखातून काही घडवणं, पुढचं ओळखून तयारी, आणि जाणूनबुजून एखादी गोष्ट थोडा वेळ बाजूला ठेवणं. पौगंडावस्थेत याच मुलांमध्ये कच्चे मार्ग पक्क्यांच्या दुप्पट होते. मधल्या वयात पक्के कच्च्यांच्या चौपट झाले. तीच माणसं. ओझी वाढली होती, कमी झाली नव्हती.

इथे मला चुंबळ दिसली. हंडा तोच, वाट तीच, टाळूही तीच. मधे वापरून मऊ झालेल्या कापडाचा एक वेढा. तो ओझं हलकं करत नाही. काठ रुतू देत नाही, भार सगळीकडे सारखा पसरवतो, आणि एक हात मोकळा ठेवतो.

हेही सांगितलं पाहिजे की त्या 268 जणांत एकही स्त्री नव्हती, आणि ते सगळे गोरे, अमेरिकेतल्या सर्वांत नामांकित विद्यापीठात शिकणारे. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजच्या 1958 आणि 1960 च्या पदवीधर मुलींचा रॅव्हेना हेल्सनने पुढे दशकानुदशकं अभ्यास केला, तेव्हा पन्नाशीच्या सुरुवातीला त्या बायका पूर्वीपेक्षा खंबीर, स्वतःचे निर्णय घेणाऱ्या झालेल्या दिसल्या. माझ्या आसपासच्या बायकांत मी हेच पाहिलं आहे. पण डोक्यावर हंडा चढवायचा आणि मग तिच्या ताठ मानेचं कौतुक करायचं, याला माझा विरोध आहे. आत्तीने चाळीसहून जास्त वर्षं दूरवरून पाणी आणलं यात कोणाचाही गौरव नाही. ते पाणी तिच्या दारात कधीच यायला हवं होतं.

तिचे यजमान, आमचे मामा, मुंबईत गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. मनिऑर्डर बंद झाल्या, दुसऱ्या वर्षी मामा परत आले, आणि पुढची पंधरा वर्षं बहुतेक ओट्यावर बसून होते. फारसं बोलत नसत. हात साच्याला सरावलेले, ते उगाच हलत राहायचे. एक गिरणी संप वाचून एरिकसनने मधल्या वयाचं उमलणं लिहिलं. मी दुसऱ्या संपानंतर एक माणूस साचून गेलेला पाहिला. त्यांच्या डोक्यावरचं ओझं कोणीतरी काढून घेतलं होतं आणि वाहायला काही ठेवलं नव्हतं. आत्ती त्यांना कधी टाकून बोलली नाही. रोज संध्याकाळी गल्लीतली पोरं त्यांच्यापुढे आणून बसवायची आणि म्हणायची, "ह्यास्नी पाडं शिकवा." कधी शिकवत, कधी नाही.

आईच्या आजारपणात आत्ती महिनाभर आमच्याकडे येऊन राहिली. पंचाहत्तरीची होती. एकदा तिला उशीखाली ती वही सापडली. वाचता येत नव्हतं. विचारलं, "ह्या रेघा कसल्या गं?" मी सांगितलं. ती बराच वेळ रेघांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "रात्री मोजून सरत न्हाईत, बाय." आणि वही जिथे होती तिथे ठेवून आईच्या पायांना तेल लावायला गेली.

मी वही लगेच बंद केली नाही. अजून दीड महिना रेघा आहेत त्यात. मग नाहीत. भावाला मी एका रात्री फोन केला आणि तक्रार न करता म्हणाले, मला भीती वाटते आहे, तू ये. तो आला. आई पुढे चार वर्षं होती.

आत्ती 2021 च्या उन्हाळ्यात गेली. दिवसकार्य झाल्यावर मी घराला कुलूप लावायला वळले आणि सवयीने दाराआड हात घातला. खुंटीवर दोन चुंबळी होत्या. मोठी तिची, हिरव्या लुगड्याची. तिच्याखाली एक छोटी, निळ्या फुलांच्या कापडाची. छोटीचं टोक नव्याने खोचलेलं होतं.